बाहेरून बूम लिफ्ट मागवताय? ॲडव्हान्स पाठवण्याआधी अँटी-डम्पिंग ड्युटी तपासा

परदेशातून सिझर लिफ्ट, बूम लिफ्ट किंवा फोर्कलिफ्ट मागवायची असेल, तर पुरवठादाराला ॲडव्हान्स पाठवण्याआधी अँटी-डम्पिंग ड्युटीच्या सरकारी अधिसूचनेतला एक तक्ता वाचावा लागतो. नवे आयातदार बहुधा तो पहिल्यांदा पाहतात तेव्हा कंटेनर मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरात उतरलेला असतो. पैसे गेलेले असतात, डेमरेजचे, म्हणजे माल पडून राहिल्याच्या भाड्याचे, दिवस मोजले जात असतात आणि सीएचए, म्हणजे आपल्या वतीने सीमाशुल्काचे काम पाहणारा एजंट, फोनवर सांगत असतो की ड्युटी भरल्याशिवाय माल सुटणार नाही. ती वेळ येऊ नये म्हणून कोणत्या क्रमाने काय पाहायचे, ते इथे मांडले आहे.

सोलापुरात हा विषय का निघतो? अक्कलकोट रोड आणि चिंचोली एमआयडीसीतल्या शेडचे पत्रे बदलायचे असतात, साखर कारखान्यांची गाळप थांबल्यानंतरची दुरुस्ती असते, फताटेवाडीच्या १,३२० मेगावॅटच्या एनटीपीसी प्रकल्पात देखभाल असते, शिवाय होर्डिंग, पथदिवे, मंगल कार्यालयांची उंच छते आहेतच. पूर्वी ही कामे शिडी नाहीतर परांचीवर उरकायची. आता बऱ्याच कंपन्यांचे सेफ्टी ऑफिसर मॅनलिफ्ट (माणसाला वर नेणारी अशी लिफ्ट) असल्याशिवाय माणूस वर चढू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पुण्याहून यंत्र भाड्याने आणले की अडीचशे किलोमीटरचे ट्रेलरभाडे दोन्ही बाजूंनी अंगावर येते. मग शहराच्या पूर्व भागातला एखादा तरुण, ज्याच्या घरी आजवर माग चालले, तो विचार करतो की एक-दोन यंत्रे आपणच मागवावीत आणि इथेच भाड्याने फिरवावीत. धंदा चांगला आहे. फक्त यंत्राची खरी किंमत कोटेशनवर लिहिलेली नसते.

आधी एवढे समजून घ्या

एखादा कारखाना आपल्या देशात जी वस्तू ज्या भावाने विकतो, त्याहून कमी भावाने तीच वस्तू दुसऱ्या देशाला विकतो, तेव्हा त्याला डम्पिंग म्हणतात. नुसते स्वस्त विकणे म्हणजे डम्पिंग नव्हे. मायदेशातला भाव आणि निर्यातीचा भाव यांत फरक हवा, त्यामुळे आपल्या देशातल्या उत्पादकांचे नुकसान व्हायला हवे, आणि ते नुकसान त्याच आयातीमुळे झाले असे दिसायला हवे. तिन्ही गोष्टी सिद्ध झाल्या तरच ड्युटी लागते.

आपल्याकडे याचा आधार म्हणजे १९७५ च्या सीमाशुल्क दर कायद्याचे कलम ९अ आणि १९९५ चे नियम. चौकशी करते डीजीटीआर, म्हणजे केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाखालचे व्यापार उपाय महासंचालनालय. शिफारस तिथून येते, पण ड्युटी लावते अर्थ मंत्रालय. हा फरक डोक्यात पक्का बसू द्या, कारण नवख्या माणसाचा पहिला गोंधळ इथेच होतो. डीजीटीआरने शिफारस केल्याची बातमी पेपरात येते आणि ड्युटी लागलीच असे धरून लोक ऑर्डर रद्द करतात. शिफारशीनंतर अर्थ मंत्रालयाला निर्णयासाठी तीन महिने असतात, आणि गेल्या काही वर्षांत बऱ्याच शिफारशी मंत्रालयाने स्वीकारलेल्या नाहीत. उलट बाजूनेही चूक होते: चौकशी सुरू झाल्याची सूचना निघालेली असते, पण “अजून ड्युटी कुठे लागलीय” म्हणून लोक सहा महिन्यांनी येणारा माल निर्धास्तपणे बुक करतात.

उंचीवर काम करण्याच्या यंत्रांबाबत सावध का राहायचे, त्याचे कारण आपल्या देशाबाहेर आहे. अमेरिकेने चीनमधून येणाऱ्या बूम लिफ्ट, सिझर लिफ्ट आणि टेलिहँडलरवर (लांब होणाऱ्या हाताने माल उचलणारे यंत्र) २०२१ मध्ये सबसिडीविरोधी आणि २०२२ मध्ये अँटी-डम्पिंग ड्युटी लावली. युरोपीय संघाने नोव्हेंबर २०२३ मध्ये याच प्रकारच्या यंत्रांची चौकशी सुरू केली आणि जानेवारी २०२५ मध्ये पक्की अँटी-डम्पिंग ड्युटी बसवली. दोन मोठे बाजार महाग झाले की कारखान्यांचा माल दुसरीकडे वळतो. तुमच्या व्हॉट्सॲपवर आलेले आकर्षक कोटेशन कदाचित त्याचाच भाग असेल. असा माल वाढला की इथले उत्पादक अर्ज घेऊन दिल्लीला जातात, तो त्यांचा हक्कच आहे. म्हणून आज ड्युटी नसली तरी तेवढ्यावर थांबू नका, तुमचा माल येईल त्या दिवशी काय असेल तेही पाहा.

पहिली पायरी: यंत्र नेमके कोणते ते लिहून काढा

कोटेशनवर “लिफ्टिंग इक्विपमेंट” एवढेच असेल तर ते परत पाठवा. यंत्राच्या चासिसवर एक धातूची पट्टी असते, नेमप्लेट. तिचा स्वच्छ फोटो मागवा. त्यावर उत्पादकाचे नाव, मॉडेल, अनुक्रमांक, निर्मितीचे वर्ष, प्लॅटफॉर्मवर किती किलो चालते, यंत्राचे स्वतःचे वजन, आणि बहुधा कुठे बनले तेही असते. यंत्र जुने असेल तर फोटो झूम करून पट्टीचे रिव्हेट बघा, पट्टी नंतर बसवली असेल तर ते दिसून येते. चासिसवर ठोकलेला अनुक्रमांक आणि पट्टीवरचा अनुक्रमांक एकच आहे ना, तेही ताडून पाहा.

मग एचएसएन कोड, म्हणजे मालाच्या वर्गाचा क्रमांक. विजेवर स्वतः चालणारी यंत्रे साधारणपणे ८४२७ १० मध्ये, डिझेलवर स्वतः चालणारी ८४२७ २० मध्ये जातात. हँड पॅलेट ट्रकसारखी हाताने ढकलायची यंत्रे ८४२७ ९० मध्ये. विंच, होइस्ट, चेन पुली ब्लॉक आणि जॅक ८४२५, क्रेन ८४२६, इमारतीतल्या लिफ्ट आणि कन्व्हेयर ८४२८, सुटे भाग बहुतेक ८४३१. ट्रकच्या चासिसवर बसवलेला प्लॅटफॉर्म ८७०५ कडे जाऊ शकतो.

कोड जुळला नाही म्हणून ड्युटी टळली, असे मात्र समजू नका. डीजीटीआर आपल्या निष्कर्षांत जवळजवळ नेहमी लिहिते की सीमाशुल्क वर्गीकरण केवळ दिशादर्शक आहे, ते वस्तूच्या व्याप्तीवर बंधनकारक नाही. वस्तूचे वर्णन काय आहे, यावरच सगळे ठरते. वर्णनात किती मीटरपर्यंत, किती टनांपर्यंत, पूर्ण जोडलेले की सुट्या स्वरूपातले, नवे की वापरलेले, हे शब्द असतात, आणि अपवादही तिथेच लिहिलेले असतात. म्हणून तुमच्या यंत्राची उंची, क्षमता आणि चालवण्याची पद्धत आधी स्वतःच्या हाताने कागदावर लिहा. नंतर अधिसूचनेतल्या वर्णनाशी शब्दाला शब्द लावून पाहता येते.

दुसरी पायरी: यंत्र बनले कुठे, आले कुठून नव्हे

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

अँटी-डम्पिंग ड्युटी मूळ देशावर लागते. सोलापुरी चादर हैदराबादच्या दुकानातून घेतली म्हणून ती हैदराबादची होत नाही. दुबईच्या यार्डातून घेतलेली जुनी बूम लिफ्ट चीनमध्ये बनलेली असेल तर तिचा मूळ देश चीनच. बिल दुबईचे, बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढवल्याची पावती) दुबईच्या जेबेल अली बंदराचे, पैसे दिरहममध्ये गेले, तरी मूळ देश बदलत नाही. अधिसूचनेच्या तक्त्यात “मूळ देश” आणि “निर्यातीचा देश” असे दोन वेगळे रकाने असतात, आणि बऱ्याच तक्त्यांत एक ओळ अशी असते: मूळ देश चीन, निर्यातीचा देश कोणताही.

वळसा घालून येणाऱ्या मालाचा रस्ताही बंद करता येतो. युरोपीय संघाने २००५ मध्ये चीनच्या हँड पॅलेट ट्रकवर आणि त्यांच्या मुख्य भागांवर, म्हणजे चासिस आणि हायड्रॉलिक्सवर, ड्युटी लावली. मग माल थायलंडमधून येऊ लागला, तेव्हा २००९ मध्ये तीच ड्युटी थायलंडहून येणाऱ्या मालालाही लावली. आपल्या कायद्यातही अशी पळवाट रोखण्याची तरतूद आहे: नावात किंवा रचनेत किरकोळ बदल करून, सुटे भाग आणून इथे जोडून, किंवा तिसऱ्या देशातून फिरवून आणलेल्या मालावर चौकशीनंतर ड्युटी पसरवता येते.

काही पुरवठादार स्वतःहून सांगतात की व्हिएतनामचे किंवा मलेशियाचे सर्टिफिकेट करून देतो, काळजी करू नका. अशा माणसाशी व्यवहारच करू नका. चुकीचा मूळ देश घोषित केला तर माल जप्त होऊ शकतो, चुकवलेल्या ड्युटीइतका दंड लागू शकतो, आणि मुद्दाम लपवल्याचे ठरले तर पाच वर्षे मागे जाऊन वसुली निघते. त्या सगळ्या कागदांवर तुमचा आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीच्या नोंदणीचा, क्रमांक असतो. पुरवठादार फोन बंद करून मोकळा होतो, एमआयडीसीत शेड तुमची असते.

जाता जाता मुक्त व्यापार कराराबद्दल. आसियान, जपान किंवा कोरियाच्या करारामुळे मूळ सीमाशुल्क कमी किंवा शून्य होऊ शकते, पण त्या देशावर अँटी-डम्पिंग ड्युटी असेल तर ती तरीही भरावी लागते.

तिसरी पायरी: तक्ता शोधा आणि नीट वाचा

दोन संकेतस्थळे उघडी ठेवा. डीजीटीआरच्या संकेतस्थळावर चौकशा वस्तूच्या नावाने लावलेल्या असतात, तिथे सुरू असलेल्या आणि संपलेल्या दोन्ही पाहा. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर “सीमाशुल्क (एडीडी)” मालिकेतल्या अधिसूचना वर्षवार असतात. शोधताना एकाच नावावर थांबू नका. सिझर लिफ्टसाठी “एरियल वर्क प्लॅटफॉर्म”, “मोबाइल ॲक्सेस इक्विपमेंट”, “वर्क ट्रक” अशी सगळी नावे टाकून पाहा, क्रेनसाठी “ट्रक क्रेन”, “क्रॉलर क्रेन”, “मोबाइल क्रेन”.

चौकशीची सूचना, प्राथमिक निष्कर्ष, अंतिम निष्कर्ष आणि अर्थ मंत्रालयाची अधिसूचना हे चार वेगळे कागद आहेत. पैसे भरावे लागतात ते फक्त चौथ्या कागदावर. तात्पुरत्या ड्युटीचीही अर्थ मंत्रालयाचीच अधिसूचना निघते. ही तात्पुरती ड्युटी चौकशी सुरू झाल्यापासून ६० दिवसांच्या आत लावता येत नाही, आणि ती साधारण सहा महिने, फार तर नऊ महिने चालते. पूर्ण चौकशी एक वर्षात संपवायची असते, सहा महिन्यांची वाढ मिळू शकते. पक्की ड्युटी एका वेळी जास्तीत जास्त पाच वर्षांची.

अधिसूचना मिळाली की तिच्या तळाशी असलेला तक्ता उघडा. रकाने साधारण असे: शीर्षक किंवा कोड, वस्तूचे वर्णन, मूळ देश, निर्यातीचा देश, उत्पादक, रक्कम, एकक, चलन. उत्पादकाच्या रकान्यात काही कंपन्यांची नावे आणि त्यांच्यापुढे वेगवेगळे दर असतात. चौकशीत ज्यांनी आपली आकडेवारी दिली, त्यांचा दर स्वतंत्र ठरतो. शेवटी “इतर कोणताही उत्पादक” अशी ओळ असते आणि तिथला दर बहुधा सगळ्यात जास्त. म्हणून न्हावा शेवाचा जाणता सीएचए पहिल्याच फोनवर म्हणतो, “शेठ, माल विकला कुणी ते नंतर सांगा. बनवला कुणी ते आधी सांगा.” ट्रेडिंग कंपनीकडून माल घेतला आणि उत्पादकाचा पुरावाच नसला, तर कमी दराची ओळ असूनही तुम्ही शेवटच्या ओळीत जाता. उत्पादकाचे नाव तक्त्यातल्या स्पेलिंगप्रमाणे इन्व्हॉइसवर, पॅकिंग लिस्टवर आणि मूळ देशाच्या प्रमाणपत्रावर यायला हवे. एकाच समूहातल्या दोन कंपन्यांची नावे एखाद्या शब्दानेच वेगळी असतात, ती एक समजू नका.

चौथी पायरी: हिशोब, वहीत

ड्युटी तीन प्रकारे लिहिलेली असते. सीआयएफ किमतीच्या, म्हणजे माल, विमा आणि जहाजभाडे मिळून होणाऱ्या किमतीच्या, टक्क्यांत. नगामागे, किलोमागे किंवा टनामागे ठरावीक डॉलरमध्ये. किंवा संदर्भ किमतीने. संदर्भ किमतीत असे असते: समजा संदर्भ किंमत ३०,००० डॉलर आहे आणि तुमच्या मालाची सीमाशुल्कासह उतरलेली किंमत २६,००० डॉलर, तर फरकाचे ४,००० डॉलर भरायचे. उतरलेली किंमत ३१,००० असेल तर काहीच नाही. डॉलरमधली ड्युटी रुपयांत बदलताना बँकेचा दर चालत नाही, सीमाशुल्क विभागाने जाहीर केलेला, बिल ऑफ एंट्री (आयात मालाचा सीमाशुल्क विभागाला द्यायचा कागद) सादर केल्याच्या तारखेचा दर लागतो.

आता एक उदाहरण. आकडे मी समजण्यासाठी धरले आहेत, तुमच्या मालाचे दर सीएचएकडून त्या दिवशीचे घ्या. यंत्राची सीआयएफ किंमत २०,००,००० रुपये, मूळ सीमाशुल्क ७.५ टक्के, आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी) १८ टक्के.

अँटी-डम्पिंग ड्युटी नसताना:
मूळ सीमाशुल्क १,५०,०००
त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार १५,०००
बेरीज २१,६५,०००
त्यावर आयजीएसटी ३,८९,७००
एकूण २५,५४,७००

अँटी-डम्पिंग ड्युटी सीआयएफच्या २५ टक्के धरली तर:
वरची बेरीज २१,६५,०००
अँटी-डम्पिंग ड्युटी ५,००,०००
बेरीज २६,६५,०००
त्यावर आयजीएसटी ४,७९,७००
एकूण ३१,४४,७००

फरक ५,९०,००० रुपयांचा. अधिभार अँटी-डम्पिंग ड्युटीवर लागत नाही, पण आयजीएसटी लागतो, हे अनेकांच्या हिशोबातून सुटते. आयजीएसटीचे जास्तीचे ९०,००० रुपये भाड्याच्या धंद्यात इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणून मिळू शकतात. ते ५,००,००० मात्र परत येत नाहीत, यंत्राच्या किमतीतच मिसळतात. भाड्याचा दर ठरवताना यंत्र २१.६५ लाखांचे धरायचे की २६.६५ लाखांचे, हा तो फरक. बँकेला प्रोजेक्ट रिपोर्ट देताना दोन्ही आकडे लिहा. कर्ज पहिल्या आकड्यावर मंजूर झाले आणि पैसे दुसऱ्या आकड्याचे लागले, तर वरचे पाच लाख घाईने आणि महाग व्याजाने उभे करावे लागतात.

हा हिशोब झाल्यावर इथल्या उत्पादकाचे कोटेशनही समोर ठेवा. ट्रेलरभाडे, सुट्या भागांची उपलब्धता, मेकॅनिक किती तासांत येतो, हे सगळे धरले की देशी यंत्र कित्येकदा बरोबरीला येते. साखर कारखान्याच्या दुरुस्तीच्या मोसमात यंत्र आठवडाभर बंद पडले तर भाडेही जाते आणि गिऱ्हाईकही.

पाचवी पायरी: तारीख

दर कोणत्या दिवसाचा लागतो? ऑर्डरच्या दिवसाचा नाही, ॲडव्हान्स दिला त्या दिवसाचा नाही, जहाज शांघायहून निघाले त्या दिवसाचाही नाही. बिल ऑफ एंट्री सादर केली तो दिवस, आणि ती जहाज येण्याआधीच सादर केली असेल तर जहाजाला आगमनाची नोंद मिळाली तो दिवस. माल बाँडेड गोदामात (ड्युटी भरण्याआधी माल ठेवण्याच्या) ठेवला असेल तर तिथून बाहेर काढण्याची बिल ऑफ एंट्री ज्या दिवशी दिली तो. म्हणजे माल समुद्रात असताना अधिसूचना निघाली तर ती तुमच्या मालाला लागू होते. काही परिस्थितीत, डम्पिंगचा इतिहास असेल आणि थोड्या काळात प्रचंड माल आला असेल, तर ड्युटी ९० दिवस मागेही नेता येते.

चीनकडच्या व्यवहारात ३० टक्के ॲडव्हान्स आणि माल निघण्याआधी ७० टक्के, हा नेहमीचा शिरस्ता. ॲडव्हान्स देण्याआधी प्रोफॉर्मा इन्व्हॉइसमध्ये, म्हणजे मालाआधी येणाऱ्या कच्च्या बिलात, तीन वाक्ये लिहून घ्या. एक, यंत्राचा उत्पादक आणि मूळ देश नावानिशी. दोन, माल जहाजावर चढण्याआधी भारतात या वस्तूवर तात्पुरती किंवा पक्की अँटी-डम्पिंग ड्युटी लागली तर खरेदीदार ऑर्डर रद्द करू शकेल आणि ॲडव्हान्स परत मिळेल. तीन, उत्पादक किंवा मूळ देश चुकीचा निघाल्यास होणारा सगळा भुर्दंड पुरवठादाराचा. तिसऱ्या वाक्यामुळे पैसे परत येतीलच असे नाही, परदेशातून वसुली कठीणच असते. पण जो पुरवठादार ते वाक्य लिहायला तयार होत नाही, तो माल कुठे बनला ते सांगायलाही तयार नसतो, एवढे तुम्हाला पैसे जाण्याआधी कळते.

“ड्युटीसकट तुमच्या दारात पोचवतो” असे डीडीपीचे कोटेशन आले तरी बिल ऑफ एंट्री कुणाच्या आयईसीवर भरली जाणार ते विचारा. तुमच्या नावावर भरली जाणार असेल तर जबाबदारी तुमचीच.

सहावी पायरी: शंका उरली तर आधीच विचारा

यंत्र वर्णनात बसते की नाही, हे कधी कधी खरोखरच स्पष्ट नसते. अशा वेळी सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, आपल्यासाठी ते मुंबईत आहे. वर्गीकरण, मूळ देश, एखादी अधिसूचना लागू होते का, हे प्रश्न तिथे विचारता येतात. शुल्क १०,००० रुपये, निर्णय तीन महिन्यांत अपेक्षित. एकच यंत्र आणायचे असेल तर हा खटाटोप जड वाटेल. पण वर्षाला पाच-सात यंत्रांचा विचार असेल तर अर्ज जरूर करा, कारण निर्णय काही वर्षे टिकतो आणि मधे कायदा किंवा वस्तुस्थिती बदलली नाही तर तेवढा काळ निर्धास्तपणे काम करता येते.

माल बंदरात आल्यावर वाद झाला तर तात्पुरत्या मूल्यांकनाची मागणी करता येते. बाँड आणि हमी देऊन माल सोडवायचा, निकाल नंतर. हे सीएचएने न सांगितल्यास तुम्ही विचारा.

सोलापूरच्या टॉवेल निर्यातदारांकडे आयईसी, बँकेचा एडी कोड (परकीय चलनाच्या व्यवहारांसाठीचा बँकेचा क्रमांक) आणि आइसगेटची, म्हणजे सीमाशुल्काच्या ऑनलाइन पोर्टलची, नोंदणी आधीच असते, त्यांनी हे सगळे नव्याने करायची गरज नाही, फक्त ज्या बंदरावर माल उतरणार तिथे एडी कोड नोंदला आहे का ते पाहावे. निर्यातीसाठीच्या ॲडव्हान्स ऑथोरायझेशनखाली आणलेल्या मालाला अँटी-डम्पिंग ड्युटीतून सूट असते, पण ती योजना निर्यात मालात लागणाऱ्या कच्च्या मालासाठी आहे. धाग्याची सूट लिफ्टला लागू होईल या भरवशावर राहू नका.

जुने यंत्र आणत असाल तर चार्टर्ड इंजिनिअरचे प्रमाणपत्र लागते, आणि त्यात निर्मितीचे वर्ष व मूळ देश येतो. यंत्रांच्या सुरक्षिततेसाठी २०२४ मध्ये अवजड उद्योग मंत्रालयाने बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) कायद्याखाली काढलेला आदेश ही स्वतंत्र बाब आहे, तो लागू आहे का, त्याची यादी आणि तारीख वेगळी तपासा.

चौकशी सुरू झाली असेल तर गप्प बसू नका

हा भाग लहान आयातदार सोडूनच देतात, आणि मला तेच सगळ्यात जास्त खटकते. डीजीटीआरची सूचना निघाली की संबंधित पक्षांना सहसा ३० दिवसांत नोंदणी करून आपले म्हणणे मांडता येते. आयातदारासाठी वेगळी प्रश्नावली असते, वापरकर्त्या उद्योगाचेही ऐकले जाते. भाड्याने यंत्रे देणारे दहा-बारा जण एकत्र आले तर वकिलाचा खर्च वाटला जातो. सांगायचे काय? इथल्या उत्पादकांकडे विशिष्ट उंचीची यंत्रे मिळतच नसतील तर ते कागदानिशी सांगा: केलेल्या चौकशीचे ईमेल, आलेली नकाराची उत्तरे, डिलिव्हरीला लागणारे महिने. अशाच पुराव्यांवर एखादा प्रकार व्याप्तीतून वगळला जातो. नुसते “महाग पडेल” लिहिण्याला वजन नसते.

कागद दोन प्रतींत द्यावे लागतात, एक गोपनीय आणि एक सगळ्यांना दाखवता येईल अशी. दुसऱ्या प्रतीत आकडे झाकता येतात, पण त्यांचा सारांश द्यावा लागतो. पुढे सुनावणी होते, मग अंतिम निष्कर्षाआधी मुख्य मुद्द्यांचे निवेदन सगळ्यांना पाठवले जाते. त्यावर टिप्पणी करायला दिवस फार थोडे असतात, म्हणून नोंदणीत दिलेला ईमेल रोज बघितला जातो असाच द्या.

निकाल विरोधात गेला तर सीमाशुल्क, उत्पादन शुल्क व सेवा कर अपील न्यायाधिकरणाकडे ९० दिवसांत जाता येते.

माल आल्यानंतर

प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग, मूळ देशाचे प्रमाणपत्र, नेमप्लेटचे फोटो, पुरवठादाराशी झालेले सगळे ईमेल आणि बिल ऑफ एंट्रीची प्रत किमान पाच वर्षे जपा. व्हॉट्सॲपवरचे बोलणे पीडीएफ करून ठेवा, फोन बदलला की ते जाते. ऑडिटची नोटीस आली तर उत्पादक कोण हे सिद्ध करायचे काम तुमच्याकडे येते, आणि तेव्हा ट्रेडिंग कंपनी उत्तर देईलच असे नाही.

दुसरे यंत्र मागवताना पहिल्या वेळचा तक्ता पुन्हा वापरू नका. पाच वर्षे संपत आली की मुदतवाढीसाठी फेरआढावा होतो, तो सुरू असेपर्यंत जुनी ड्युटी आणखी एक वर्षापर्यंत चालू ठेवता येते. मध्येच एखाद्या उत्पादकाचे नाव बदलले तर दुरुस्तीची अधिसूचना निघते. ऑर्डरच्या आठवड्यात एकदा आणि जहाज निघण्याआधी एकदा, असा तक्ता दोनदा उघडा, आणि त्या दिवशीची प्रिंट तारखेसह फाइलला लावा.